तीर्थक्षेत्रींचें एक वऱ्हाडी सेवक-दांपत्य

मलकापूर हें गांव आगगाडीनें जाणाऱ्या प्रवाशाला बहुधा फलाटावरच्या पाटीपुरतेंच ठाऊक असतें. भुसावळ सुटलें, काळ्या रानांतून कपाशीचीं शेतें दिसूं लागलीं, कीं मलकापूर येतें आणि मागें पडतें. परंतु इतिहासाला हें गांव फार दिवसांपासून माहीत आहे. नळगंगेच्या कांठचें हें ठाणें 'ऐन-इ-अकबरी'मध्यें नरनाळा सरकारांतील परगण्याचें ठिकाण म्हणून नोंदलेलें आहे. १७६१ सालीं राघोबादादांच्या फौजेनें लूट करूं नये म्हणून गांवानें ६०,००० रुपये मोजले. १८०३ च्या ऑगस्टांत शिंदे आणि भोसले यांच्या छावण्या याच परिसरांत असतां इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स शिंद्यांची छावणी सोडून निघाला, आणि दुसऱ्या मराठे-इंग्रज युद्धाला तोंड लागलें.

आज मात्र लढायांविषयीं बोलावयाचें नाहीं. मलकापुरावरून फौजा गेल्या, त्यांहून कितीतरी अधिक माणसें देवाच्या वाटेनें गेलीं आहेत. गांवची नळगंगा पूर्णेला मिळते. पूर्णा पश्चिमेकडे वाहत जाऊन चांगदेवापाशीं तापीला मिळते. आणि त्याच परिसरांतून मुक्ताबाईची पालखी आषाढीसाठीं निघते, ती मलकापूर-बुलढाण्याच्या बाजूनें घाट चढून पंढरीचा लांबचा रस्ता धरते. हीच पूर्णा धरून उलट उगवतीकडे चालत गेलें, तर अकोला आणि अमरावती या जिल्ह्यांच्या सीमेलगत दापुरें आणि ऋणमोचन हीं गांवें लागतात. ज्या दांपत्याविषयीं मला बोलावयाचें आहे तें त्या कांठचें. नवऱ्याचें नांव श्रोत्यांना सांगावयास नको. ते गाडगे महाराज. बायकोचें नांव कुंताबाई. हें दुसरें नांव आपणांस किती वेळां ऐकूं आलें तें ज्याचें त्यानें मनाशीं आठवून पाहावें.

पति-पत्नींनीं मिळून धर्मकार्याला वाहून घ्यावयाचें, ही रीति वऱ्हाडाला दिसली ती मिशनरी लोकांच्या बंगल्यांत. अकोल्यास मार्कस फुलर आणि त्यांची पत्नी जेनी हें अमेरिकन दांपत्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत राहून काम करीत होतें. पुढें ज्या अलायन्स मिशनशीं तें जोडलें गेलें, त्याचीं ठाणीं मलकापूर, खामगांव, बुलढाणें, अकोला अशीं आगगाडीच्या वाटेवर आणि तिच्या आसपास पसरलीं. मिशनरी घरांतील दिवसाची वांटणी ठरलेली असे. थंडी पडली कीं साहेबानें तंबू घेऊन खेडोपाडीं आणि जत्रांतून फिरावें, पुस्तकें विकावीं, रात्रीं पडद्यावर चित्रें दाखवावीं; मडमेनें घरांघरांतून बायकांत जाऊन बसावें, मुलींना अक्षरें गिरवावयास लावावीं, आल्यागेल्याला औषधपाणी द्यावें. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत पोरक्या मुलांचा सांभाळ हें त्यांचें मोठें काम होऊन बसलें. जेनीबाईंनीं हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर इंग्रजींत एक ग्रंथ लिहिला, पंडिता रमाबाईंनीं त्याला प्रस्तावना जोडली. आणि ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच १९०० सालीं बाई वारल्या. त्यांच्या धर्मप्रसाराच्या हेतूविषयीं ज्याला जें वाटत असेल तें वाटो. काम दोघांचें आहे ही गोष्ट मात्र त्यांच्या व्यवस्थेंत गृहीत धरलेली होती.

आपल्याकडे देवाच्या कामाला निघालेला पुरुष बहुधा घर सोडून निघतो, किंवा घरांत राहूनही नसल्यासारखा असतो. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जात, आणि त्यांची भाकरी घेऊन आवली तो डोंगर चढे. त्या बाईला आपण पिढ्यान् पिढ्या कजाग म्हणत आलों. तिच्या चुलीचा हिशेब कोणीं मांडला नाहीं. कुंताबाईंच्या वाट्याला कजागपणाची कीर्तिही आली नाहीं.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं एका परिटाच्या घरीं झाला. बाप दारूनें लवकर गेला. आई सखूबाई लहानग्या पोराला घेऊन दापुऱ्यास आपल्या भावाकडे आली. तेथें डेबूजीनें गुरें राखलीं, नांगर धरला, पूर्णेंत पोहावयास शिकला, रात्रीं भजनांत बसूं लागला. १८९२ सालीं त्याचें कुंताबाईशीं लग्न झालें. संसार शेतकऱ्याचा होता आणि तो चांगला चालला होता. डेबूजी कामाला वाघ होता. पुढें मामाची जमीन सावकाराच्या कागदांत अडकली. लिहितां-वाचतां न येणाऱ्या घराचें जें त्या काळीं होत असे तेंच झालें. शेत गेलें, त्या धक्क्यानें मामाही गेला. सावकाराचीं माणसें ताबा घ्यावयास आलीं तेव्हां डेबूजीनें त्यांना शेतांतून पिटाळून लावलें, ही हकीकत त्या भागांत अजून रंगवून सांगतात.

याच संसारांतली आणखी एक गोष्ट. पहिली मुलगी आलोका हिच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणें मटण आणि दारू द्यावयाची होती. डेबूजीनें गोडाचें जेवण दिलें. चरित्रकार ही गोष्ट सुधारकाचें पहिलें पाऊल म्हणून सांगतात, आणि तें योग्यच आहे. परंतु पंगत मोडल्यावर जातींतले टोमणे ऐकण्याची पाळी रानांत राबणाऱ्या पुरुषापेक्षां पाणवठ्यावर जाणाऱ्या बाईवर अधिक येते, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजीं डेबूजी घर सोडून निघून गेला. त्या वेळीं कुंताबाई गरोदर होत्या. मागें सासू, लहान लेकरें आणि गेलेल्या शेताची आठवण. बारा वर्षें हा पुरुष अंगावर चिंध्यांचें पांघरूण, एका कानांत कवडी, दुसऱ्या कानांत फुटक्या कांकणाची कांच, हातीं मातीचें गाडगें अशा वेषानें हिंडला. लोक कोणी चिंधेबुवा म्हणत, कोणी गोधडेबुवा. शेवटीं हातांतल्या गाडग्यावरून पडलेलें नांव टिकलें.

घरच्यांची आणि त्यांची गांठ पडली ती ऋणमोचनच्या यात्रेंत. या क्षेत्राविषयीं थोडेंसें सांगितलें पाहिजे. पूर्णेच्या कांठीं मुद्गलेश्वराचें देऊळ आहे, आणि पौषांतल्या रविवारीं तेथें यात्रा भरते. येथें स्नान केलें असतां माणूस ऋणांतून सुटतो अशी श्रद्धा. गांवाचें नांवच तें सांगतें. सावकाराच्या ऋणापायीं ज्याचें घर बुडालें त्या माणसानें आपल्या सेवेचा आरंभ ऋणमोचनला करावा, हा योगायोग मला नुसता योगायोग वाटत नाहीं. पुढें आयुष्यभर कीर्तनांतून त्यांनीं एक गोष्ट हजारोंना बजावली, ती कर्ज काढून सण करूं नका, कर्ज काढून तीर्थाला जाऊं नका, ही. नदींत बुडी मारून ऋण फिटतें असें त्यांनीं कधींच सांगितलें नाहीं.

पूर्णेच्या खोऱ्यांतली माती काळी आणि चिकट. यात्रेकरू कांठावरून घसरत, बायका-मुलें चिखलांत रुतत. या बुवानें कीर्तन करण्याआधीं तेथें टोपलीनें माती-मुरूम वाहून टाकण्यास आरंभ केला. प्रथम लोक हंसले. मग चारजण टोपल्या घेऊन आले. मग रांग लागली. १९०८ सालीं पूर्णेवर घाट बांधला गेला. सेवेची त्यांची सारी पद्धति त्या एका कांठावर ठरून गेली. आधीं स्वतः हात लावावयाचा, मग लोकांना बोलवावयाचें, आणि काम उभें राहिलें कीं तेथून निघून जावयाचें.

त्यांचा दिवस कसा जात असे तें ज्यांनीं पाहिलें त्यांनीं पुष्कळ लिहून ठेवलें आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनीं लिहिलेलें चरित्र १९५२ सालीं, बाबांच्या हयातींतच, प्रसिद्ध झालें. गोपाल नीलकंठ दांडेकर यांनीं त्यांच्यासवें हिंडून त्यांना जवळून पाहिलें. गांवांत पाऊल पडलें कीं खराटा हातीं घ्यावयाचा आणि रस्ता, गटार, देवळापुढचें पटांगण झाडीत सुटावयाचें. कोणी पायां पडावयास आलें कीं काठी उगारावयाची. भाकरी मागून खावयाची, ती गाडग्यांत कोरड्यास घेऊन. रात्रीं कीर्तन. त्या कीर्तनांत पोथी नसे, संस्कृत नसे. अस्सल वऱ्हाडी बोलींत समोरच्या माणसाला प्रश्न विचारावयाचा, त्याच्याच तोंडून उत्तर काढावयाचें, आणि त्या उत्तरानें त्यालाच पेंचांत धरावयाचें. देवाला बकरें कां कापतां, दारूला पैसा कोठून येतो, पोराला शाळेंत कां घालीत नाहीं, माणसाला माणूस शिवत कां नाहीं. सकाळ होण्यापूर्वीं बुवा पुढच्या गांवाला गेलेला असे.

पंढरपुरांतही हाच क्रम. वारीच्या दिवसांत लक्षावधि माणसें वाळवंटांत उतरावयाचीं, आणि त्यांनीं केलेली घाण उपसावयास बाबा आणि त्यांचे लोक खराटे घेऊन उभे. आंधळ्या-पांगळ्यांना जेऊं घालावयाचें, रात्रीं वाळवंटांत कीर्तन करावयाचें, परंतु देवळांत जावयाचें नाहीं. विठ्ठलाचें देऊळ त्या काळीं अस्पृश्यांना बंद होतें. तें उघडलें १९४७ च्या मे महिन्यांत, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्या आधीं तीस वर्षें, १९१७ च्या सुमारास, बाबांनीं पंढरपुरांत चोखामेळा धर्मशाळेचें काम हातीं घेतलें होतें. ज्या वारकऱ्याला कोणत्याही वाड्यांत पथारी टाकतां येत नव्हती त्याला तेथें छप्पर मिळालें. पुढें मूर्तिजापूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणीं धर्मशाळा झाल्या, गोरक्षणें आणि सदावर्तें चालूं झालीं. १९५४ सालीं मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठीं धर्मशाळा झाली. तेथें तीर्थ नाहीं, नदी नाहीं. पण आजारी माणसाच्या उशाशीं आलेला खेडवळ नातलग रात्रीं कोठें निजतो, हा प्रश्न ऋणमोचनच्या चिखलाइतकाच खरा होता.

आतां या सगळ्या इमारतींचा एक दंडक ऐका. धर्मशाळा लोकांच्या पैशांची आणि लोकांसाठीं. ती विश्वस्तांच्या हातीं सोंपवावयाची. बाबांच्या आप्तांचा तिच्यावर हक्क नाहीं. बाबांच्या नांवें लाखों रुपये जमले आणि दगड-चुन्यांत गेले, आणि बाबांचें कुटुंब मूर्तिजापुरास झोपडींत राहिलें. यात्रेकरूंच्या बायका ज्या छपराखालीं निर्धास्त निजत, त्याखालीं ज्याच्या शब्दावर तें उभें राहिलें त्याच्या बायकोला बिऱ्हाड थाटतां येत नव्हतें.

कुंताबाईंचा दिवस कोणीं वहींत टिपून ठेवावा असा नव्हता. परंतु मोलमजुरीवर जगणाऱ्या वऱ्हाडी बाईचा दिवस कसा असतो तें या भागांतल्या लोकांना वेगळें सांगावयास नको. पहांटे जात्यावर ज्वारी; मग शेणगोठा; मग पाणी. पूर्णेचें हें खोरें खारपाणाचें आहे. विहिरी असतात, पण पाणी खारें. त्यांत डाळ शिजत नाहीं आणि तहान भागत नाहीं. गोड पाण्यासाठीं बाईला लांब चालावें लागतें. पावसाळ्यांत निंदण, दिवाळीच्या पुढेंमागें कपाशीची वेंचणी. ओट्यांत कापूस भरून दिवसभर वांकावयाचें, बोंडांच्या टोंकांनीं बोटें फाटावयाचीं, आणि वेंचणीच्या आरंभीं शेतांत सीतादही घालून लक्ष्मीला हात जोडावयाचे. संध्याकाळीं पुन्हां चूल. नवरा घरांत असलेल्या बाईचाही दिवस याहून फारसा निराळा नव्हता. फरक एवढाच कीं कुंताबाईंचा नवरा प्रांताला ठाऊक झालेला होता, आणि त्याच्या कीर्तनाला जमलेले दहा हजार लोक त्याला देव म्हणत होते. देवाची बायको मजुरीला जाते, हें रोज गांवाच्या डोळ्यांना दिसावें आणि त्यावर कोणीं कांहीं बोलूं नये, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हे.

नवरा मेला नव्हता, त्यानें दुसरें घर केलें नव्हतें, व्यसन नव्हतें. मग तक्रार तरी कशाची करावयाची? भजनी मंडळींत तक्रार केली तर लोक म्हणणार, बाई, तुझें भाग्य थोर. या वाक्यानें आपल्या देशांत किती बायकांचीं तोंडें बंद केलीं आहेत याची मोजदाद नाहीं.

१९२३ सालचा प्रसंग सर्वश्रुत आहे. बाबा कोंकणांत खारेपाटणास कीर्तन करीत होते. एकुलता उरलेला मुलगा गोविंद पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानें गेल्याची बातमी तेथें पोंचली. बाबांनीं ती ऐकली आणि कीर्तन पुढें चालविलें. ही गोष्ट सांगतांना आजवर प्रत्येकाचा आवाज भरून येतो, आणि बाबांच्या धैर्यापुढें मान लवते. माझीही लवते. तथापि त्या बातमीला दुसरेंही एक टोंक होतें, आणि तें खारेपाटणापासून शेंकडों मैल दूर वऱ्हाडांत होतें. बाबांच्या भोंवतीं त्या रात्रीं टाळ होते, माणसें होतीं, हातीं घेतलेलें काम होतें. गोविंद पोटांत असतां नवरा घर सोडून गेला होता. त्याला वाढविलें ज्या आईनें, तिनें त्याला एकटीनें पोंचविलें. बाबांनीं अश्रु आंवरले याला आपण वैराग्य म्हणतों. कुंताबाई त्यानंतर पुन्हां चुलीपुढें बसल्या, आणि याला आपल्या भाषेंत शब्दच नाहीं.

तर मग बाबांनीं बायकोवर अन्याय केला असें म्हणावयाचें काय? मी तें इतक्या सहज म्हणणार नाहीं. महाराष्ट्रांतल्या मठांचे आणि संस्थानांचे जुने खटले ज्यांनीं चाळले आहेत त्यांना ठाऊक आहे कीं साधूच्या मागें त्याचे भाऊ, पुतणे, जांवई उभे राहतात, आणि दोन पिढ्यांत यात्रेकरूंची ओंवरी ही कोणाची तरी वडिलोपार्जित मिळकत होते. गाडगे महाराजांना ही कीड पक्की माहीत होती. कागदानें शेत कसें जातें तें त्यांनीं दापुऱ्यास पाहिलें होतें, आणि म्हणून लोकांची वस्तु लोकांची राहावी यासाठीं त्यांनीं कागदच आपल्या बाजूनें पक्के केले. बायकोला एक खोली दिली असती तर उद्यां मेहुण्याला ओसरी द्यावी लागली असती. हा हिशेब बरोबर होता. पण हिशेब बरोबर असला म्हणजे त्याची किंमत कोणीं भरली हें विचारूं नये असें नाहीं. बाबांनीं आपल्या वाट्याची किंमत स्वखुषीनें, निर्णय घेऊन भरली. कुंताबाईंना कोणीं विचारलें नव्हतें. त्यांनीं ती तरीही भरली, वर्षानुवर्षें भरली, आणि त्या भरीत राहिल्या म्हणूनच बाबांच्या निःस्पृहपणाकडे बोट दाखवावयास कोणाला जागा उरली नाहीं. झोपडींतल्या त्या बाईनें एकदां धर्मशाळेच्या दारांत बसून हट्ट धरला असता तर दंडक टिकला असता कीं नाहीं, सांगवत नाहीं. म्हणून मीं यांना सेवक-दांपत्य म्हटलें. एकानें क्षेत्रें झाडलीं. दुसरीनें तीं झाडणाऱ्याच्या शब्दाला डाग लागूं दिला नाहीं.

फुलर दांपत्याला एका बंगल्यांत दोघांचें काम करावयास मिळालें. या दांपत्याला मिळालें तें दोन ठिकाणीं, आणि बहुतेक आयुष्य एकमेकांच्या पाठीमागें. म्हातारपणही वेगळें आलें नाहीं. सत्तरी उलटल्यावर बाबा मोटारींतून फिरूं लागले, एवढाच बदल. उतरले कीं हातीं खराटा. १९४९ सालीं चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. हातांतली वस्तु वेळींच योग्य हातीं द्यावयाची, हें त्यांना साधलेलें होतें. ८ फेब्रुवारी १९५२ रोजीं साऱ्या संस्थांची व्यवस्था पाहण्यासाठीं जी संस्था स्थापन झाली तिला नांव मिळालें 'गाडगे महाराज मिशन'. वऱ्हाडांत साहेबांच्या तंबूबरोबर आलेला तो शब्द अशा रीतीनें एका निरक्षर परिटाच्या खराट्याला येऊन चिकटला.

२० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीकडे नेत असतां वलगांवनजीक मोटारींतच बाबांचा देह पडला. आपल्यामागें मूर्ति नको, देऊळ नको, असें ते सांगत आले होते. अमरावतींत त्यांची समाधि झाली. भोंवतालच्या वस्तीला गाडगेनगर हें नांव पडलें. २०००-०१ सालीं सरकारनें ग्रामस्वच्छतेची मोहीम काढली, तिला त्यांचें नांव दिलें. २००५ सालीं अमरावती विद्यापीठालाही दिलें. मलकापूरचीं मुलें जी पदवी घेऊन आगगाडीनें नोकरी शोधावयास जातात, तिच्या कागदावर संत गाडगे बाबा हीं अक्षरें असतात. मूर्तिजापूर त्याच मार्गावर, अकोल्याच्या पुढें आहे. तेथें गाडी थांबते, तेव्हां फलाटावर कोणालाही विचारलें तरी बाबांची धर्मशाळा दाखवितो. कुंताबाईंची झोपडी कोठें होती, असेंही एकदां विचारून पाहावें.